माळ्यावरचा पॉट खाली काढा!

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या, ऊन तापू लागलं, की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "आई, आईस्क्रीम!" आमच्याकडेही तेच. गेल्या उन्हाळ्यात ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा डबा आणला. आमची धाकटी चौथीत. दिसेल ते वाचायची तिला भारी हौस. डबा उलटासुलटा करून म्हणाली, "आई, यावर आईस्क्रीम असं कुठेच लिहिलेलं नाही. फ्रोझन डेझर्ट लिहिलंय. म्हणजे काय गं?"

अर्धवेळ का होईना, मी शिक्षिका! पण उत्तर येईना. मग शोधून काढलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे साध्या, नेहमीच्या आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याऐवजी वनस्पती तेल किंवा चरबी चालते. ते काही विष नव्हे. पण दुधाचं म्हणून आणायचं आणि तेलाचं खायचं, हे मनाला पटेना. तुम्हीही पुढच्या वेळी डब्यावरची बारीक अक्षरं जरूर वाचा.

आणि मला आठवण झाली ती माळ्यावरच्या पॉटची. लाकडी बादली, आत उभा डबा, वर फिरवायचा दांडा. सासूबाईंच्या संसारातली वस्तू. खरं सांगते, दिवाळीच्या साफसफाईत मी तो भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवला होता. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "राहू दे गं." मीही मुकाट्याने तो परत वर टाकला होता.

माझा पहिला प्रयोग साफ फसला. शेजारच्या दोघी मुलांसकट आल्या होत्या. तासभर दांडा फिरवला, हात भरून आले, पण डब्यात नुसतं गार दूध! शेवटी पेल्यात ओतून 'मँगो मिल्कशेक' म्हणून वेळ मारून नेली. आठवड्याने पुन्हा केलं. या वेळी घट्ट झालं, पण पहिल्याच चमच्याला थोरला ओरडला, "खारट!"

मी रडकुंडीला आले. तेव्हा सासूबाई आपणहून पाट घेऊन शेजारी बसल्या. बादली फिरवून बघितली आणि बाजूच्या छोट्या भोकात मी कोंबलेला कापडाचा बोळा ओढून काढला. पाणी गळून फरशी ओली होते म्हणून तो मीच घातला होता! "अगं, ते भोक मुद्दाम असतं. खारं पाणी तिथून गेलं नाही, तर झाकणावरून डब्यात शिरतं. आणि पहिल्या वेळी मीठ किती घातलंस?" म्हटलं, "दोन मुठी." त्या हसल्या. "मिठाला कंजुषी केलीस, तर आयुष्यभर दूधच पिशील."

मिठाचं इंगित असं. बर्फ शून्य अंशाला वितळतो. पण साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला त्याहून जास्त गारवा लागतो. बर्फावर मीठ पडलं की तो भराभर वितळू लागतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. बादलीतलं पाणी शून्याच्याही दहा-बारा अंश खाली जातं. दांडा फिरवल्याने कडेला धरलेला थर सुटत राहतो, बर्फाचे मोठे खडे होत नाहीत, हवा मिसळते आणि आईस्क्रीम मऊ होतं. अशा हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं!

आता कृती. दोन लिटरच्या पॉटसाठी सव्वा लिटर म्हशीचं दूध आटवून एक लिटर करावं. दोन चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून उकळत्या दुधात घालावं, दोन-चार मिनिटं ढवळून सव्वा वाटी साखर विरघळवावी. गार झाल्यावर गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी वाटीभर घोटलेली ताजी साय आणि दीड वाटी हापूस किंवा पायरीचा रस घालावा. गरम दुधात रस घातलात, तर दूध फाटलंच म्हणून समजा! मिश्रण थोडं जास्त गोड लागू द्या. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते.

बादली आदल्या रात्री पाणी भरून ठेवावी, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतात. डबा आतून गंजलेला असेल तर वापरू नये. मिश्रण दोन-तृतीयांशच भरावं, कारण ते फुगतं. सहा किलो बर्फ गोणपाटात घालून बत्त्याने फोडावा, दीड किलो जाडं मीठ घ्यावं आणि बर्फाचा थर, मिठाचा थर असं झाकणाच्या खालपर्यंत भरावं. कारखान्यातला बर्फ पोटात जाण्यासारखा नसतो, हे मुलांना बजावून ठेवा. सुरुवातीला दांडा सावकाश फिरवावा, भोक मोकळं ठेवावं. अर्ध्या-पाऊण तासात दांडा जड झाला, की थांबावं. झाकण उघडण्याआधी ते ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावं. आतलं लाकडी पातं काढून डबा पुन्हा बंद करावा, ताजा बर्फ-मीठ घालून, गोणपाट गुंडाळून तासभर मुरू द्यावं. उरलेलं खारं पाणी झाडांना मात्र घालू नका!

पॉट नसेल तर हेच मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तासातासाने तीन वेळा काढून चांगलं घोटा. पॉटची सर नाही, पण मुलं खूश होतात.

तिसऱ्या वेळी दांडा सगळ्यांनी पाळीपाळीने फिरवला, ह्यांनीसुद्धा. शेवटी जड झाला तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली न बसणाऱ्या त्या तासभर पाटावरून उठल्या नव्हत्या. "हे जड झालं की तुझे सासरे मला उठवायचे आणि स्वतः बसायचे," एवढंच बोलल्या. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. पहिली वाटी मी त्यांच्या हातात दिली. चमचा तोंडात घालून म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय."

पॉट आता माळ्यावर नाही. स्वयंपाकघरात फळीखाली, हाताशी असतो. तुमच्याकडे असेल, तर या रविवारी खाली काढाच. आणि तो कसा चालवायचा, हे आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा!