गायकाचा नकार, मंत्र्याची सही : पीटर गॅरेट यांची गोष्ट

कलावंत राजकारणात शिरला की लोक साधारण दोन गोष्टी बोलतात. निवडून आला तर म्हणतात, नावावर आला. आणि सत्तेत बसून पूर्वीच्या भूमिकेपेक्षा वेगळा निर्णय घेतला की म्हणतात, विकला गेला. ऑस्ट्रेलियाच्या पीटर गॅरेट यांना ही दोन्ही वाक्यं भरपूर ऐकावी लागली. ती कितपत खरी आहेत, हे आज आपण तपासू. त्यासाठी गाण्यातला शब्द आणि मंत्र्याची सही यांतला फरक नीट समजून घ्यावा लागेल.

गॅरेट यांचा जन्म १९५३ सालचा, सिडनीचा. शिक्षण कायद्याचं. पण नाव झालं ते ‘मिडनाइट ऑइल’ या रॉक बँडचे गायक म्हणून. उंची सहा फुटांच्या बरीच वर, डोक्याचं तुळतुळीत टक्कल आणि रंगमंचावर झटके दिल्यासारखं नाचणं, त्यामुळे एकदा पाहिलेला माणूस त्यांना विसरत नसे. बँडची गाणी अण्वस्त्रं, खाणी आणि आदिवासींच्या जमिनी यांवर होती. १९८६ साली हा बँड ‘वरुम्पी बँड’ या आदिवासी कलावंतांच्या बँडबरोबर वाळवंटातल्या दूरदूरच्या वस्त्यांमधून फिरला. त्यातून १९८७ चा ‘डीझेल अँड डस्ट’ हा अल्बम आला आणि त्यातलं ‘बेड्स आर बर्निंग’ जगभर गाजलं. विषय काय, तर ज्यांची जमीन घेतली त्यांना ती परत द्या. १९९० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला एक्सॉन कंपनीच्या इमारतीसमोर ट्रकवर उभं राहून कार्यक्रम केला. आदल्या वर्षी त्या कंपनीच्या जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं होतं, त्याचा हा निषेध होता.

आता बघा, राजकारण त्यांच्या आयुष्यात उतारवयात आलेलं नाही. १९८४ सालीच ते अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे न्यू साउथ वेल्स राज्यातून सिनेटला उभे राहिले. पहिल्या पसंतीची साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. तिथे आपल्या विधान परिषदेसारखी पसंतीक्रमाची पद्धत आहे. पहिल्या पसंतीवर कोटा पुरा झाला नाही, तर इतरांच्या पुढच्या पसंतीची मतं तुमच्याकडे वळावी लागतात. मोठ्या पक्षांनी ती वळू दिली नाहीत आणि गॅरेट हरले. पुढे पक्षही फुटला. चांगला मुद्दा आणि भरलेली सभा हाताशी असली, तरी मोठ्या पक्षाच्या यंत्रणेशिवाय दार उघडत नाही, हे या निवडणुकीत दिसलं.

पुढची बरीच वर्षं त्यांनी दबावगटाचं काम केलं. ‘ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’ या पर्यावरण संस्थेचे ते दोनदा अध्यक्ष होते. २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपात सगळा बँड काळ्या कपड्यांवर ‘सॉरी’ हा शब्द लिहून गायला. आदिवासी मुलांना सरकारनं आईबापांपासून तोडलं होतं. त्याबद्दल देशाच्या वतीनं माफी मागायला तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार नव्हते, आणि त्या रात्री ते प्रेक्षकांत बसलेले होते. निषेध याहून नेमका काय करणार?

२००२ मध्ये त्यांनी बँड सोडला. २००४ मध्ये लेबर, म्हणजे तिथल्या मजूर पक्षातर्फे किंग्सफोर्ड स्मिथ मतदारसंघातून ते खासदार झाले. २००७ ला पक्ष सत्तेवर आला आणि गॅरेट पर्यावरण, वारसा आणि कला खात्याचे मंत्री झाले. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ती माफी मागितली, तेव्हा गॅरेट सरकारी बाकांवर होते.

इथून अवघड भाग सुरू होतो. गायक स्वतःच्या नावानं बोलतो. मंत्री मंत्रिमंडळाच्या नावानं बोलतो आणि कायद्याच्या चौकटीत सही करतो. युरेनियमच्या नव्या खाणींवरची बंदी मजूर पक्षानं २००७ मध्ये उठवली. पक्षाच्या अधिवेशनात गॅरेट यांनी त्याला विरोध केला आणि ते हरले. दोन वर्षांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ‘फोर माइल’ युरेनियम खाणीला पर्यावरण मंजुरी द्यायची फाइल त्यांच्याच टेबलावर आली, आणि त्यांनी मंजुरी दिली. जुन्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. वाटणारच.

पण त्याच २००९ साली त्यांच्याकडे दुसरी फाइल आली. क्वीन्सलँडमध्ये मेरी नदीवर ट्रॅव्हेस्टन धरण बांधायचं होतं. राज्य सरकार मजूर पक्षाचंच होतं आणि त्याला धरण हवं होतं. त्या नदीत लंगफिश हा अतिप्राचीन मासा आणि फक्त तिथेच सापडणारं कासव आहे. गॅरेट यांनी परवानगी नाकारली आणि धरण झालं नाही. गाण्यानं धरणाविरुद्ध लाख माणसं उभी राहतील, पण कायद्यानं ते थांबवायला सही लागते. ही सही हवी असेल, तर फोर माइलसारख्या फायलीही समोर येणार.

आता सगळ्यात जड प्रकरण. जागतिक मंदीत रोजगार वाढावा म्हणून सरकारनं २००९ मध्ये घरांच्या छपरांखाली उष्णतारोधक थर बसवायची योजना आणली. ती गॅरेट यांच्या खात्याकडे आली. घाई प्रचंड होती. नवख्या कंपन्या उतरल्या, प्रशिक्षण अपुरं पडलं, आणि काही महिन्यांत चार तरुण कामगार मेले. तिघं विजेच्या धक्क्यानं आणि एक उष्णतेनं. घरांना आगीही लागल्या. धोक्यांबद्दल गॅरेट यांनी पंतप्रधानांना पत्रं लिहिली होती, हे नंतर बाहेर आलं. तरी २०१० च्या फेब्रुवारीत योजना बंद झाली आणि त्यांच्या हातातली कामं कमी केली गेली. पुढे चौकशी आयोगानं हे मृत्यू टाळता आले असते, असं म्हटलं.

इथे ‘विकला गेला’ हे वाक्य उपयोगाचं नाही. हेतू चांगला होता आणि इशारेही दिले होते, पण छपराखालच्या तारेला हात लावणाऱ्या पोराला त्यानं काही संरक्षण मिळालं नाही. हेतूवर गाणं तरून जातं. सरकारी योजनेत मात्र बारीक तपशील चुकला की माणसाचा जीव जातो.

पुढे ते शालेय शिक्षणमंत्री झाले. २०१३ मध्ये रड पक्षांतर्गत लढाईत पुन्हा पंतप्रधान झाल्यावर गॅरेट यांनी राजीनामा दिला आणि पुढची निवडणूक लढवली नाही. २०१७ मध्ये बँड पुन्हा जगाच्या दौऱ्यावर निघाला, आणि २०२० मध्ये आदिवासी कलावंतांना सोबत घेऊन त्यांनी ‘द माकाराटा प्रोजेक्ट’ काढला.

मग त्यांनी राजकारणात जायला नको होतं का? आम्हाला वाटतं, प्रश्न असा विचारून हाती काही लागत नाही. चळवळीतला माणूस मंत्री झाला की आपण आधी पाहावं, हा निर्णय खरंच त्याच्या हातात होता का? पक्षानं ठरवलेल्या धोरणाचा तो नुसता शेवटचा शिक्का होता का? आणि जिथे अधिकार त्याचाच होता, तिथे त्यानं काय केलं? युरेनियमच्या धोरणावर गॅरेट हरले, मेरी नदीवर जिंकले, आणि छपरांच्या योजनेत चार घरांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई कुठल्याच विजयानं होत नाही. या तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावावर आहेत, आणि त्याचा हिशेब मांडताना त्या तिन्ही धराव्या लागतात.