खिशातला ‘सरदार’

नाव मोठं रुबाबदार – ‘हिगोनोकामी’! हिगो प्रांताचा सरदार, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र हा सरदार म्हणजे खिशात मावणारा घडीचा साधा चाकू आहे. जपानच्या ह्योगो प्रांतातलं मिकी हे शहर लोहारकामासाठी पूर्वीपासून नावाजलेलं. करवती, रंधे, पटाशा घडवणाऱ्या इथल्या कारागिरांनी १८९०च्या दशकात हा चाकू बनवायला घेतला आणि पाहता पाहता तो देशभर पोहोचला.

ना स्प्रिंग, ना खटका

पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात मिटून बसणारं पातं आणि दोघांना जोडणारी एक रिव्हेट. बस्स, एवढंच! पात्याच्या मागच्या टोकाला जिभेसारखा छोटा दांडा असतो. त्याला ‘चिकिरी’ म्हणतात. तो अंगठ्याने दाबला की पातं उघडतं. काम चालू असेपर्यंत अंगठा तिथेच ठेवावा लागतो, नाहीतर पातं मिटून बोट कापायची भीती. म्हणजे इथे सुरक्षितता यंत्रावर नव्हे, तर वापरणाऱ्याच्या अवधानावर अवलंबून! चांगल्या प्रतीच्या चाकूत मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कडक पोलाद बसवलेलं असतं. धार बोथट झाली की दगडावर घासून घरीच लावता येते. वापरून वापरून पितळी मूठ काळपटते, आणि ज्याच्या खिशात ती राहिली, त्याला ती अधिकच आपली वाटू लागते.

दप्तरातून हद्दपार

एके काळी जपानी मुलांच्या दप्तरात हा चाकू असायचाच. आपल्याकडे अर्ध्या ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत, तसं तिकडे हिगोनोकामीने. शाळा सुटली की त्यानेच बांबू तासून भिरभिरी बनवायची, फळं सोलायची.

मग १२ ऑक्टोबर १९६० हा दिवस उजाडला. टोकियोतील हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो आसानुमा भाषण करत असताना १७ वर्षांच्या तरुणाने भोसकून त्यांची हत्या केली. हत्यार होतं आखूड तलवार, खिशातला चाकू नव्हे. पण मुलांच्या हाती धारदार वस्तू नकोतच, अशी मोहीम देशभर सुरू झाली. त्याच सुमारास पेन्सिलीला टोक करणारी यंत्रंही घरोघरी आली. मागणी आटली, एकामागून एक कारखाने बंद पडले. आज हे मूळ नाव वापरून चाकू बनवणारा मिकीतला ‘नागाओ कानेकोमा’ हा एकच कारखाना उरला आहे.

एका शाळेचं धाडस

पण सगळ्यांनीच हा चाकू टाकून दिला नाही. नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या आइसोमे प्राथमिक शाळेत १९८३ पासून मुलं हिगोनोकामीनेच पेन्सिलीला टोक काढतात. अगदी पहिलीतली चिमुरडीसुद्धा! चाकू कसा धरायचा, दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा, काम झालं की मिटून कुठे ठेवायचा, हे मुलांना लहानपणीच समजावं लागतं.

अर्थात मोकळीक म्हणजे बेपर्वाई नव्हे. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला जपानमध्ये कायद्याने मनाई आहे. आपल्याकडेही विमानप्रवासात असा चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. म्हणून हौसेने घडीचा चाकू आणणाऱ्याने तो मिरवण्यासाठी नव्हे, तर सुतळी कापायला, आंबा चिरायला, पेन्सिल तासायला वापरावा.

प्रश्न उरतो तो आईवडिलांचा. धारदार वस्तू मुलांपासून लपवून ठेवणं सोपं आहे. पण आज ना उद्या ती त्यांच्या हाती येणारच. मग पहिला धडा शेजारी बसून आपणच दिलेला काय वाईट?