जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स उतरविताना

गिअरबॉक्स म्हणजे एंजिनाची गती चाकांच्या गरजेनुसार बदलणारी दंतचक्रांची पेटी होय. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनलेल्या अ‍ॅम्बॅसडर मोटारींपैकी पुष्कळ गाड्यांत पूर्वीच्या मालकांनी पेट्रोल एंजिनाऐवजी डिझेल एंजिन बसविलेले आढळते. अशा गाडीत आधार व जोडण्या बदललेल्या असतात. म्हणून छापील पुस्तिकेवर न विसंबता प्रत्येक जोडणी पाहून तिच्यावर खूण करावी.

गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर ठेवावी. पेटी काढल्यावर एंजिनाचा मागील आधार जात असल्यास एंजिनाखाली आधीच टेकू द्यावा. पेटीचा दांडा क्लचच्या चकतीत शिरलेला असतो. बोल्ट सुटल्यावर पेटीचे वजन त्या दांड्यावर लोंबले, तर चकती वाकण्याचा संभव असतो. यास्तव पेटी दुसऱ्या जॅकवर तोलून सरळ मागे घ्यावी. ती अडल्यास बळ न लावता पुस्तिकेत नसलेला एखादा बोल्ट राहिला आहे काय, हे शोधावे.