छातीत गाठ, कारण गळ्यात

२५ मेच्या जागतिक थायरॉइड दिनानिमित्त वजन, केस आणि आयोडीन यांवर भरपूर छापून येतं. हा लेख छातीतल्या थायमस ग्रंथीवर.

हात थरथरतात, धडधड होते, भरपूर खाऊनही वजन उतरतं. दम लागतो म्हणून सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टमध्ये छातीच्या मधल्या हाडामागे गाठ निघते. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण रुग्णाला थायरॉइड अतिसक्रिय करणारा ग्रेव्हज आजार असेल तर ही ‘गाठ’ बहुधा फुगलेली थायमस ग्रंथी असते. या आजारात थायरॉइडला चेतवणारी प्रतिपिंडं ज्या रिसेप्टरला चिकटतात, तो थायमसच्या पेशींवरही सापडतो. शिवाय रक्तात वाढलेलं थायरॉइड हार्मोनही तिला फुगवतं. कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांनी थायरॉइड आटोक्यात आली की काही महिन्यांत थायमसही ओसरते.

या ग्रंथीबाबत वैद्यकाचा इतिहास मात्र काही भूषणावह नाही. शवविच्छेदनाला येत ती बहुतेक दीर्घ आजाराने खंगलेली गरिबांची मुलं. आजारपणात थायमस आक्रसते, आणि तोच आकार ‘नॉर्मल’ ठरला. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाची थायमस ‘वाढलेली’ दिसू लागली आणि मृत्यूचं खापर तिच्यावर फुटलं. ती आक्रसावी म्हणून १९०७ पासून अमेरिकेत तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले, तेही काही दशकं! त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी हा धागा दाखवून दिला. थायमस प्रतिकारशक्ती घडवते, हे तर संशोधक जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये सांगितलं.

मोठ्या वयात थायमस निकामी असते, हा समजही डळमळला आहे. बोस्टनच्या २०२३ मधल्या अभ्यासात थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. म्हणून मला सुरीची घाई खटकते. कडा वेड्यावाकड्या असतील, गाठ शेजारी घुसली असेल किंवा थायरॉइड ताळ्यावर येऊनही ती ओसरत नसेल, तर पुढचा तपास हवाच. एरवी विशिष्ट एमआरआयमध्ये ग्रंथीत मिसळलेली चरबी ओळखू येते. थायमोमात, म्हणजे थायमसच्या ट्यूमरमध्ये, ती सहसा नसते.

स्कॅनच्या चिठ्ठीवर मात्र अनेकदा ‘दम लागतो’ एवढंच असतं. शेजारी टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा लिहायला डॉक्टरांना असा कितीसा वेळ लागतो?