दाणेदार फोटोतली शिस्त

लेसरचे झोत समोरासमोर सोडले की प्रकाशाच्या स्थिर लाटा बनतात. त्यांत अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असतात. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेले रुबिडियमचे अणू या खळग्यांत बसतात. खळग्याखळग्यातले अंतर लेसरच्या तरंगलांबीच्या निम्मे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

खळगे उथळ असले तर अणू एकातून दुसऱ्यात जातात आणि सगळे मिळून एकाच लाटेसारखे वागतात. लेसर बंद करून अणूंचा ढग पसरू दिला आणि फोटो काढला, तर ठसठशीत ठिपके दिसतात. खळगे खोल केले की अणू आपापल्या जागी अडकतात. ही मॉट अवस्था. २००२ साली म्युनिकमध्ये ग्राइनर, ब्लोख आणि सहकाऱ्यांनी हे स्थित्यंतर घडवले. गंमत अशी, की अणू अधिक शिस्तीत बसले आणि फोटोतले ठिपके मात्र पुसले गेले. उरला एक धूसर गोळा.

मग ती शिस्त गेली कुठे? २००४ मध्ये ऑल्टमन, डेमलर आणि लुकिन यांनी सुचवले, की फोटोच्या दाणेदारपणात, म्हणजे खराबी समजून आपण दुर्लक्षितो तिथेच, ती शोधावी. पुढच्या वर्षी माइन्झमध्ये ब्लोख यांच्या गटाने ती शोधून दाखवली. एका फोटोतले ठरावीक अंतरावरचे दोन बिंदू घ्यायचे, तिथल्या अणुसंख्यांचा गुणाकार करायचा, आणि मग अशा अनेक फोटोंची सरासरी काढायची. प्रयोगशाळेबाहेर बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्याचा सर्वांत जास्त वेळ या क्रमानेच खाल्ला: आधी गुणाकार, मग सरासरी. उलटे केले तर पुन्हा गोळाच. नीट केले, तर काही ठरावीक अंतरांवर अणूंच्या जोड्या किंचित जास्त सापडतात.

दोन खळग्यांतून दोन अणू निघाले आणि कॅमेऱ्यावर दोन ठिकाणी पोचले. कोणता कुठे गेला, हे सांगता येत नाही. एकसारखे कण ओळखू येत नाहीत, हा सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामाचा गाभा. म्हणून दोन्ही वाटांच्या लाटा एकमेकींत मिसळतात. १९५६ मध्ये हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला, तो प्रकाशाच्या अशाच चढउतारांवरून.

पोटॅशियम-४० चे अणू फर्मिऑन आहेत, म्हणजे त्यांचे दोन वाटांचे हिशेब वजा होतात. २००६ मध्ये त्यांच्यावर हीच मोजणी झाली, तेव्हा त्याच अंतरांवर जोड्या कमी आढळल्या. आणि जाळीत दोन प्रकारचे अणू एकाआड एक बसले, तर निम्म्या अंतरावर नवी खूण उमटायला हवी, जी धुरकट गोळ्याकडे कितीही वेळ पाहून दिसणार नाही.