कवटीच्या तळाचा शोध : गेलेनपासून एंडोस्कोपपर्यंत

मानवी कवटीचा तळ म्हणजे मेंदू आणि चेहरा-मान यांच्यामधली ओबडधोबड हाडांची भिंत. ललाटास्थी, झर्झरास्थी, जतुकास्थी, दोन शंखास्थी आणि पश्चकपालास्थी मिळून ती बनते. आतून पाहिल्यास पुढून मागे उतरत जाणारे तीन खळगे दिसतात. मधल्या खळग्याच्या मध्यभागी, जतुकास्थीच्या खोगिरासारख्या खाचेत पीयूषिका ग्रंथी असते. मागच्या खळग्यातल्या महारंध्रातून मेरुरज्जू खाली उतरतो. बहुतेक कपालचेता आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या या तळातल्या छिद्रांतूनच ये-जा करतात.

या भिंतीविषयीचा एक चुकीचा समज हजार वर्षांहून अधिक काळ टिकला. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेनने प्राण्यांच्या विच्छेदनावरून मानवी शरीराचे वर्णन केले. बैल-मेंढ्यांच्या कवटीच्या तळाशी रोहिण्यांचे दाट जाळे असते. तेच माणसातही आहे, असे त्याने मानले. मेंदूतला कफ झर्झरास्थीच्या बारीक छिद्रांतून नाकात झिरपतो, अशीही धारणा होती. पुढच्या पिढ्यांनी समोरच्या प्रेतापेक्षा ग्रंथावर जास्त विश्वास ठेवला आणि हेच चुकीला आयुष्य देणारे ठरले. सोळाव्या शतकात शरीररचनातज्ज्ञ बेरेंगारियो दा कार्पीने माणसात ते जाळे आढळत नसल्याचे लिहिले. त्याच शतकातल्या वेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने 1538च्या चित्रांत ते काढले होते. 1543च्या ग्रंथात मात्र त्यानेच ते नाकारले. 1655मध्ये विटेनबर्गच्या श्नायडरने झर्झरास्थीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कफ मेंदूतून येत नाही, नाकाच्या अस्तरातच तयार होतो, हे त्याने दाखवून दिले.

1664मध्ये थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीवलयाचे नेमके वर्णन केले. त्यांच्या ग्रंथासाठी क्रिस्टोफर रेन यांनी चित्रे काढली. विलिस यांनी कपालचेतांच्या नऊ जोड्या मोजल्या होत्या. आजची बारा जोड्यांची मांडणी 1778मधील, सोमरिंग यांची.

क्ष-किरणांमुळे जिवंत माणसाच्या कवटीतली पीयूषिकेची खाच दिसू लागली आणि शल्यविशारदांचे धाडस वाढले. 1907मध्ये इन्सब्रुकला हर्मान श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने पीयूषिकेच्या गाठीवर पहिली शस्त्रक्रिया केली. हार्वे कुशिंग यांनी ती वाट काही वर्षे वापरली, नंतर सोडून दिली. खोल, अरुंद जागेत पुरेसा उजेड मिळत नसे. तरीही एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी ती टिकवली. त्यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांच्याकडे गेली. 1960च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली, आणि कुशिंग यांच्यासारख्यांनी सोडलेली वाट पुन्हा रुळली. डॉट यांच्या चिकाटीचे श्रेय इथे मोठे आहे.

1990च्या दशकात एंडोस्कोप, म्हणजे शरीराच्या आत पाहण्याची बारीक नळी, आल्यावर खाचेच्या पलीकडच्या गाठीही नाकातून काढता येऊ लागल्या. अडचण उरली ती हाडात पडलेल्या भोकातून मेंदूभोवतालचा द्रव गळण्याची. 2006मध्ये अर्जेंटिनातील हदाद आणि सहकाऱ्यांनी नाकाच्या पडद्यावरचे अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसह वळवून ते भोक झाकण्याची पद्धत मांडली. त्यानंतर या शस्त्रक्रियांतील गळतीचे प्रमाण बरेच घटले.