‘रात्री जोर’ नावाचं गाव

समजा, पावसाच्या नोंदींची एक फाइल आहे. रकाने चार: गाव, तारीख, मिलिमीटर, शेरा. मधे स्वल्पविराम. पन्नासाव्या ओळीत कुणीतरी लिहिलंय: ‘गगनबावडा,१२ जुलै,१८४,दुपारी रिपरिप, रात्री जोर’. वाचणाऱ्याला यात वावगं काही दिसत नाही. शेवटचा स्वल्पविराम शेऱ्यातला आहे, रकान्याचा नव्हे, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

आता हीच फाइल ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीड.सीएसव्ही’ या आज्ञेने उघडा. तक्ता निमूट समोर येतो. फक्त एक ओळ वाढलेली असते. तिच्यात गावाच्या रकान्यात ‘रात्री जोर’, पुढे सगळं रिकामं. तालुक्यात एक गाव वाढलं!

झालं असं की रकाने किती, हे ठरवायला ‘आर’ फक्त पहिल्या पाच ओळी बघतं, त्याही शीर्षकाची धरून. शितावरून भाताची परीक्षा. पुढे एखाद्या ओळीत घटक कमी पडले तर रिकामी जागा भरायची आणि जास्त निघाले तर उरलेले नव्या ओळीत ढकलायचे, हा या आज्ञेचा खाक्या. लपवलेला नाही, पाच ओळींचा नियम मदतपानावर लिहिलेला आहे, पण मदतपान वाचतो कोण? तिची थोरली बहीण ‘रीड.टेबल’ तशी कडक. अमुक ओळीत चार घटक नाहीत म्हणून ती कामच थांबवते. नवशिके वैतागतात, मला तीच जास्त भरवशाची वाटते. अर्थात तिचीही एक खोड आहे: एकेरी अवतरणचिन्हही ती अवतरणाची सुरुवात मानते. टॅबने तोडलेल्या यादीत एखादा ओ'ब्रायन आला, की पुढचं असंच चिन्ह सापडेपर्यंत मधल्या ओळी त्याच्या नावात गडप.

स्वल्पविरामाला कामंही फार. आपण सव्वा लाख ‘१,२५,०००’ असा लिहितो, म्हणजे यंत्राच्या लेखी तीन रकाने. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये तो दशांशचिन्ह असतो, म्हणून तिथल्या फाइलींत रकाने अर्धविरामाने तोडतात आणि त्यांच्यासाठी ‘आर’मध्ये ‘रीड.सीएसव्ही२’ ही वेगळी आज्ञा आहे. स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात ठेवा, असं ‘आरएफसी ४१८०’ या दस्तऐवजाने लिहून ठेवलं, ते २००५ साली. तोवर अशा फाइली कित्येक वर्षं फिरत होत्या. खरं तर घटक आणि नोंदी वेगळ्या करणारी खास चिन्हं ‘आस्की’ संकेतावलीत १९६०च्या दशकापासून आहेत. पण त्यांची कळ कीबोर्डवर नाही, स्वल्पविरामाची आहे.

म्हणून जाणते लोक फाइल उघडण्याआधी ‘काउंट.फील्ड्स’ ही आज्ञा चालवतात. ती प्रत्येक ओळीतले घटक मोजते. बाराशे ओळींत चार आणि तीन ओळींत पाच निघाले, तर त्या तीन ओळी डोळ्यांनी बघायच्या. मग फाइल नुसता मजकूर म्हणून वाचायची, प्रत्येक ओळ पहिल्या तीन स्वल्पविरामांवर तोडायची आणि उरलेलं सगळं शेरा म्हणून ठेवायचं. शेरा तिसऱ्या रकान्यात असता तर डावीकडून दोन आणि उजवीकडून एक स्वल्पविराम मोजून मधलं उचललं असतं. मोकळा मजकूर दोन रकान्यांत असेल, तर मात्र मूळ वही मागवावी लागते.